ऐन चिखलणीत डिझेल इंजिन बंद पडल्यास

महाड व पोलादपूर या तालुक्यांत भातलावणीचे दिवस मोजकेच असतात. राबातील रोपे २१ ते २५ दिवसांची झाली की त्यांची लावणी व्हावयास हवी. रोपे त्याहून जून झाल्यास त्यांना फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. अशा वेळी चिखलणीचा लहान ट्रॅक्टर अथवा पॉवर टिलर बंद पडल्यास नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते. पाऊस, रोपे व माणसे तयार असूनही खाचर अडून राहते. डोंगरउतारावरील वाडीत मिस्त्री येईपर्यंत एकदोन दिवस सहज जातात. म्हणून दोष कोठे आहे, तो आपल्या हातचा आहे की मिस्त्रीच्या, हे ओळखण्याची रीत प्रत्येक यंत्रधारकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

इंजिनास काय लागते?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात दट्ट्या आत घेतलेली हवा जोराने दाबतो. आजच्या लहान इंजिनांत ती मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते व नोझलमधून तुषाररूपाने आलेले डिझेल तीत आपोआप पेटते. अर्थात इंजिनास तीन गोष्टी लागतात : स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि पुरेसा दाब. तपासणीही याच क्रमाने करावी. पहिल्या दोहोंतील बरेच दोष शेतकऱ्यास स्वतः दूर करता येतात.

इंजिन सुरू होत नसल्यास

प्रथम टाकीत डिझेल आहे काय व तोटी उघडी आहे काय, हे पाहावे. नंतर हँडल मारताना धुराड्याकडे लक्ष द्यावे. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. गाळणी तुंबली असेल किंवा टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरली असेल. यालाच मिस्त्री ‘एअर धरली’ असे म्हणतात.

ही हवा काढण्याची कृती सोपी आहे. टाकी भरून तोटी उघडावी. गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा. बुडबुडे येणे थांबून डिझेलची अखंड धार लागली की तो घट्ट करावा. मग पंपावरील स्क्रूजवळ तसेच करावे. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करून हँडल सावकाश फिरवावे व तेथे केवळ डिझेल येऊ लागताच नट आवळावा. या वेळी चेहरा व हात दूर ठेवावेत. नोझलचा तुषार इतक्या दाबाने सुटतो की तो कातडीत घुसू शकतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा.

पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, असे झाल्यास डिझेल पोहोचत आहे, पण जळत नाही. गाळणीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. पाणी तळाशी वेगळे दिसते. पाणी आढळल्यास टाकी व गाळणी रिकामी करून स्वच्छ डिझेल भरावे आणि पुन्हा हवा काढावी.

दाबाची परीक्षा हाताने होते. डिकॉम्प्रेशनची खिटी सोडल्यावर हँडल जड लागले पाहिजे. ते सैल फिरत असेल, तर प्रथम खिटी अडकली आहे काय ते पाहावे. ती ठीक असल्यास दोष झडपा, रिंगा अथवा हेडच्या गॅस्केटमध्ये असण्याचा संभव आहे. हे काम मिस्त्रीचे होय. इंधनपंप व नोझल शेतात कधीही खोलू नयेत.

चालू इंजिनाचा धूर

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. हवेची गाळणी साफ करावी. ती तेलाची असल्यास तिच्यातील मळके तेल बदलावे. खोल चिखलात खालचा गिअर घ्यावा. निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे दर्शवितो. तेल खुणेपेक्षा जास्त भरले आहे काय ते सपाट जागी तपासावे. उतारावर घेतलेले माप फसवे असते. चिखलणीत इंजिन तापल्यास बहुधा रेडिएटरच्या जाळीत चिखल व पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या असतात, अथवा पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये; वाफेने हात भाजतो.

पुराचे पाणी शिरल्यास

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. अशा पुरात बुडालेले इंजिन ‘चालते का पाहू’ म्हणून फिरविणे ही सर्वांत महागाची चूक ठरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना दट्ट्या वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यात वाचू शकणारे इंजिन निकामी होते.

म्हणून बॅटरीची तार आधी सोडावी. टाकी, गाळण्या व तेलाचे पात्र रिकामे करावे. तेलाखाली बसलेले पाणी प्रथम बाहेर येईल. मोजपट्टीवरील तेल दुधाळ दिसल्यास पाणी आत शिरले आहे, हे निश्चित समजावे. मिस्त्रीकडून नोझल काढवून इंजिन हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे पाणी निघून जाईल. सिलिंडरमध्ये थोडे वंगण तेल सोडावे. नवे तेल व गाळण्या घालून, सर्व तपासून मगच इंजिन सुरू करावे व थोडा वेळ चालवून ते तेल पुन्हा बदलावे. गंज थांबत नाही. म्हणून हे काम पाणी ओसरताच हाती घ्यावे. अतिवृष्टीचा इशारा मिळताच यंत्र उंच जागी नेऊन ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पावसाळ्यातील निगा

संध्याकाळी काम आटोपल्यावर टाकी पूर्ण भरावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते व त्याचे पाणी डिझेलमध्ये उतरते. साठवलेले डिझेल किमान एक दिवस निवळू द्यावे व तळाचे वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात डिझेल साठवू नये. रोज सकाळी वंगण तेल, पाणी, पट्टा व हवेची गाळणी पाहावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग लागण्यापूर्वी वाडीतील यंत्रधारकांना एकत्र करावे आणि प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या इंजिनातील हवा एकदा काढवून घ्यावी. कोरड्या अंगणात अर्ध्या तासात हाताला बसलेली ही सवय भर पावसात खाचराच्या बांधावर उपयोगी पडते, आणि लावणीचा दिवस वाचतो.