रानपिंगळा

नवी मुंबईंत वाढणाऱ्या मुलांस पिंगळा अपरिचित नाहीं. हें लहानसें घुबड जुन्या झाडाच्या ढोलींत, क्वचित् इमारतीच्या भोंकांतही राहतें, आणि दिवेलागणीस बाहेर पडून कलकलाट करितें. पहाटे कुडमुडें वाजवीत भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही पिंगळाच म्हणतात. कारण त्यास ह्या पक्ष्याची भाषा कळते अशी लोकांची समजूत. आम्ही येथें त्याच्या रानांतील भाऊबंदाविषयीं सांगणार आहों.

रानपिंगळ्याचें वर्णन १८७३ सालीं ह्यूम साहेबांनीं केलें. पुढें राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे तेच हे. १८८४ पर्यंत डेव्हिडसन नांवाच्या अंमलदारानें खानदेशांत कांहीं नमुने मिळविले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. कर्नल माइनर्ट्झहागन ह्यांच्या संग्रहांत मात्र एक नमुना होता. १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीजवळ मिळाला, असें त्यावरील चिठ्ठी सांगे. शोधक त्या भागांत हिंडले व रिक्तहस्तें परतले. पुढें पामेला रासमुसेन ह्या विदुषींनीं नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां तो डेव्हिडसनचाच, ब्रिटिश म्युझियमांतून चोरून, पुन्हां भरून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला! प्रयोगवहींत मनाचे आंकडे भरणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट दोनदां वाचावी.

खोटी चिठ्ठी बाजूस सारून बाईंनीं जुन्या खऱ्या नोंदींचीं स्थळें धरलीं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळील सातपुड्याच्या पायथ्याशीं, किंग व अॅबट हे सोबती असतां, पक्षी प्रत्यक्ष दिसला. मध्यें ११३ वर्षें लोटलीं होतीं.

पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ बिनठिपक्यांचें, नखें मोठीं, पाय जाड व पांढऱ्या पिसांनीं मढलेले. शिवाय तो भर दिवसां सागाच्या उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपतो. घुबड म्हणजे निशाचर, हा आमचा पाठ येथें लागू पडत नाहीं.

अंडीं घालण्यास त्यास जुन्या झाडाची ढोली लागते, आणि सरपणासाठीं व शेतीसाठीं तींच झाडें आधीं पडतात. अशुभ म्हणून घुबडें मारणारेही आहेतच. २०१८ सालीं त्यास अतिसंकटग्रस्त वर्गांतून संकटग्रस्त वर्गांत आणिलें, तें अधिक ठिकाणीं आढळला म्हणून. त्यांतील एक ठिकाण आपल्या शेजारचें आहे: २०१४ सालीं तो ठाणे जिल्ह्यांतील तानसा अभयारण्यांत दिसला. त्याच रानांतील तलावाचें पाणी मुंबई पिते.