वाघिणीची प्रतिकृती : जुळणी, रंगकाम आणि जुनेपण

रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांचे मन सामान्यतः इंजिनावर जडते. त्यामुळे इंजिनांचे आराखडे, छायाचित्रे आणि नोंदी विपुल आहेत, आणि काही निवडक इंजिने संग्रहालयांतही जपली गेली आहेत. वाघिणीच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. तिचे आयुष्य संपले की ती भंगारात जाते, आणि तिच्यासारख्या हजारो असल्यामुळे त्यांतली एखादी राखून ठेवावी असे कोणाला वाटत नाही. तरीही रेल्वेचे उत्पन्न आणि देशाचे उद्योगधंदे ज्यांच्यावर चालले त्या वाघिणीच होत. म्हणून चांगली प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. अनेकदा ती नाहीशा झालेल्या वस्तूचा एकमेव त्रिमितीय पुरावा ठरते.

या अभ्यासासाठी जबलपूरसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे येथे पोचली आणि १८७० साली इटारसीकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग तिला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता प्रथमच रुळांनी जोडली गेली ती या शहरात. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे अडीच फुटी नॅरोगेजचा सातपुडा मार्ग जबलपूरपर्यंत आणला. त्यामुळे दोन मापांच्या वाघिणी एकाच शहरात येत. हाऊबागच्या नॅरोगेज स्थानकात उतरलेला माल मोठ्या गाडीत चढवायचा तर तो माणसांच्या खांद्यावरून न्यावा लागे. २०१५ साली जबलपूर-नैनपूर नॅरोगेजवरील वाहतूक बंद झाली, रूळ उखडले गेले आणि त्यांच्या जागी ब्रॉडगेज आली. ग्वारीघाटावरून जाणारी ती लहानशी गाडी ज्यांनी पाहिली ते अजून हयात आहेत. पण तिच्या वाघिणींची मापे आठवणीतून काढता येत नाहीत.

बांधणीला हात घालण्यापूर्वी प्रमाणाचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि भारतीय छांदिष्टापुढे तो इतरांपेक्षा अधिक बिकट असतो. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ प्रमाणात मूळ वस्तूचा १ फूट ३·५ मिलिमीटर होतो, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे १/८७ असते. या प्रमाणाचे तयार रूळ १६·५ मिलिमीटर अंतराचे असतात, आणि ते ४ फूट ८½ इंचांच्या युरोपीय मार्गाशी बरोबर जुळतात. आपली ब्रॉडगेज मात्र ५ फूट ६ इंचांची. तिच्यासाठी १९·२५ मिलिमीटर हवेत. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु रुंद भारतीय वाघीण अरुंद रुळांवर उभी केली की ती काठीवर ठेवलेल्या पेटीसारखी दिसू लागते. काही जण ही उणीव पत्करून तयार रूळ वापरतात, काही जण आस लांबवून रूळ स्वतः घालतात. पुण्यात कोथरूड येथे बी. एस. जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय एचओ प्रमाणातच आहे, आणि या प्रमाणात किती मोठा पसारा मांडता येतो हे तेथे पाहावे.

गंमत अशी की, ज्या नॅरोगेजची प्रतिकृती अवघड वाटते तिच्याच बाबतीत नशीब साथ देते. अडीच फूट म्हणजे एचओ प्रमाणात ८·७५ मिलिमीटर. आणि एन नावाच्या लहान प्रमाणाचे रूळ बाजारात ९ मिलिमीटरचे मिळतात. पाव मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसत नाही. सातपुड्याची गाडी करू इच्छिणाऱ्याला रूळ आणि चाके आयतीच मिळतात. त्याने फक्त वरची वाघीण करायची.

बाजारात मिळणारे सुट्या भागांचे संच, ज्यांना किट म्हणतात, बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकन वाघिणींचे असतात. नवशिक्याने पहिली वाघीण अशा संचाचीच करावी, मग ती कोणत्याही देशाची असो. हात बसल्यावर भारतीय वाघिणीसाठी पॉलिस्टायरीनचे पातळ पत्रे कापून भाग स्वतः तयार करता येतात. उदाहरणार्थ, १९८० नंतरच्या दशकात कोळशाच्या वाहतुकीत सर्वत्र दिसू लागलेली बॉक्सएन वाघीण घ्यावी. तिच्या नावातच तिचे वर्णन आहे : बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच बाजूंची आणि एन म्हणजे हवेच्या ब्रेकची. जोडण्यांसह तिची लांबी १०·७१३ मीटर, रुंदी ३·२ मीटर आणि उंची ३·२२५ मीटर. एचओ प्रमाणात अनुक्रमे १२३, ३७ आणि ३७ मिलिमीटर. अशा ५८ वाघिणींचा रेक प्रत्यक्षात ६२१ मीटर लांब असतो आणि प्रतिकृतीतही सात मीटरांहून अधिक जागा मागतो. दिवाणखान्यात तो मावत नाही; दहाबारा वाघिणींवर समाधान मानावे लागते.

संचातले भाग साच्यातून निघताना त्यांच्यावर तेलकट थर राहतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही तर पुढे रंग पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि त्याचे खापर विनाकारण रंगावर फुटते. भाग चौकटीतून ओरबाडून काढू नयेत. धारदार पात्याने कापावेत आणि कडेचा उरलेला पापुद्रा बारीक कानशीने घासावा. चिकटवण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहावेत. पॉलिस्टायरीन चिकटवण्याचा द्राव हा खरे तर डिंक नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. म्हणून तो कुंचल्याच्या टोकाने सांध्याला केवळ टेकवावा, केशाकर्षणाने तो स्वतःच आत ओढला जातो. त्याची वाफ अपायकारक असल्यामुळे खिडकी उघडी असावी.

चारही बाजू काचेच्या सपाट तुकड्यावर उभ्या कराव्यात आणि प्रत्येक कोपरा गुण्याने तपासावा. येथे घाई करणाऱ्याची वाघीण पुढे आयुष्यभर तीन चाकांवर उभी राहते. चौकट किंचित पिळलेली असेल तर एक चाक अधांतरी राहते आणि पहिल्याच वळणावर गाडी घसरते. दोन बोगींपैकी एक घट्ट आणि दुसरी किंचित डुलती ठेवली की वाघीण रुळांच्या चढउतारांशी जमवून घेते. तीन पायांची तिवई जशी कोठेही स्थिर बसते तसेच हे. वजनाचीही काळजी घ्यावी. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओ प्रमाणासाठी १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस असे सूत्र सुचविले आहे. त्यानुसार बॉक्सएन सुमारे ९७ ग्रॅम भरायला हवी. प्लास्टिकची पोकळ पेटी त्याच्या निम्मीही भरत नाही. तेव्हा शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा तळाशी, शक्य तितका खाली, बसवावा.

रंगाविषयी फार बोलले जाते, त्यातले बरेचसे अनावश्यक. पातळ थर दोन द्यावेत, जाड एक देऊ नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. मात्र एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. कारखान्यातला मूळ रंग आणून प्रतिकृतीला लावला तर ती काळवंडलेली दिसते, कारण मोठी वाघीण आपण उन्हात आणि दुरून पाहतो, तर प्रतिकृती घरातल्या दिव्याखाली. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिकट करडा मिसळावा. जुन्या निर्वात ब्रेकच्या वाघिणी बहुधा तांबड्या-तपकिरी, आणि बॉक्सएन पुष्कळदा ऑलिव्ह हिरव्या असत.

अक्षरे लावण्याआधी तकतकीत वार्निशचा थर द्यावा. खरखरीत पृष्ठभागावर अक्षरपट्टीच्या कडा चांदीसारख्या चमकतात. अक्षरे नीट बसल्यावर वरून निस्तेज वार्निश मारावे. आणि अक्षरे हीच वाघिणीची जन्मपत्रिका असल्यामुळे ती वाटेल तशी लावू नयेत. जबलपूर मुख्यालय असलेली पश्चिम मध्य रेल्वे १ एप्रिल २००३ रोजी अस्तित्वात आली. १९९० सालच्या वाघिणीवर तिची आद्याक्षरे घालणे म्हणजे इतिहासाशी खेळ होय. नव्या पद्धतीत वाघिणीचा क्रमांक अकरा अंकी असतो. त्यात वाघिणीचा प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचे वर्ष आणि अनुक्रम सांकेतिक अंकांनी दर्शविलेले असतात, आणि शेवटचा अंक आधीच्या दहांवरून गणिताने काढलेला पडताळा-अंक असतो. मनाने रचलेला क्रमांक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

आता जुनेपणाकडे वळावे. खरी परीक्षा येथेच आहे. ही कला लोकप्रिय करणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांचे नाव अग्रभागी येते. आपल्या तळघरातील काल्पनिक रेल्वेवर त्यांनी गंज, काजळी आणि धूळ इतक्या बारकाईने उतरवली की, पाहणाऱ्याला ती गाडी खरोखर वर्षानुवर्षे राबली असावी असे वाटे. १९७३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच ती सारी निर्मिती आगीत नष्ट झाली. उरली ती छायाचित्रे. त्यांच्या अनुकरणाने मात्र एक वाईट सवयही रूढ झाली. जितका गंज अधिक तितकी प्रतिकृती खरी, अशी समजूत पसरली आणि तपकिरी रंगात बुचकळून काढलेल्या वाघिणींच्या रांगाच्या रांगा दिसू लागल्या.

वाघीण अशी जुनी होत नाही. प्रत्येक डागाला कारण असते, आणि कारण माहीत नसेल तर डाग काढू नये. चाकांच्या भोवतालचा नारिंगी-तपकिरी थर हा बिडाच्या ब्रेक-ठोकळ्यांच्या लोखंडी भुकटीचा असतो. ती दमट हवेत गंजते आणि बोगीवर व चौकटीच्या तळावर बसते. संमिश्र द्रव्याचे ठोकळे आल्यावर ही भुकटी अधिक करडी झाली, म्हणून वाघिणीच्या काळानुसार तळाचा रंगही बदलला पाहिजे. कटनी परिसर चुनखडीचा आणि कैमोर सिमेंटचे; तिकडून माल भरून येणाऱ्या वाघिणीच्या कडांवर आणि सांध्यांत पांढुरकी पूड साचते, आणि पावसात तिचे ओघळ खाली उतरतात. कोळशाच्या वाघिणीची गोष्ट निराळी. ओल्या कोळशातील गंधकामुळे आम्ल तयार होते आणि ते तळाचा व बाजूंच्या खालच्या भागाचा पत्रा आतून खाते. म्हणजे गंज प्रथम आत धरतो, बाहेर तो उशिरा दिसतो. पुढच्या काळात स्टेनलेस पोलादाच्या बॉक्सएनएचएल वाघिणी आल्या, त्यामागे हेही एक कारण होते. शिवाय वाघीण टिपलर यंत्रात धरून उलटी केली जाते, त्यामुळे वरच्या कडा खरचटतात आणि वाकतात. आतल्या भाराने उभ्या पट्ट्यांमधला पत्रा बाहेर फुगतो. पत्र्याचा हा फुगवटा पातळ प्लास्टिक आतून किंचित तापवून, अंगठ्याने हलकेच दाबून दाखवता येतो. पाच वाघिणींपैकी दोनतीनांतच तो करावा.

या साऱ्याला एक मर्यादा घालणारी गोष्ट वाघिणीवरच लिहिलेली असते. ठरावीक मुदतीने, बॉक्सएनच्या बाबतीत साधारण साडेचार वर्षांनी, वाघीण संपूर्ण दुरुस्तीसाठी कर्मशाळेत जाते, तेथे नव्याने रंगते, आणि दुरुस्तीची तारीख व कर्मशाळेचे नाव तिच्या अंगावर छापले जाते. तेव्हा दोन महिन्यांपूर्वीची तारीख लिहून वर दहा वर्षांचा गंज दाखवणे हे उघड असत्य आहे. छांदिष्टाने आधी तारीख ठरवावी आणि मग कुंचला उचलावा. एकाच रेकमध्ये कालच कर्मशाळेतून निघालेली, दोन वर्षे चाललेली आणि मुदत संपत आलेली अशा वाघिणी शेजारीशेजारी असतात; सगळ्या सारख्याच मळलेल्या असल्या की समजावे, करणाऱ्याने मालधक्क्यावर उभे राहून त्या पाहिलेल्या नाहीत.

साधने साधी आहेत. गडद तपकिरी रंग पुष्कळ पातळ करून सांध्यांतून सोडावा आणि वरचा कोरड्या कापडाने, नेहमी वरून खाली, पुसावा. पाणी आडवे वाहत नाही. रंगाची खडू कानशीवर घासून मिळणारी पूड मऊ कुंचल्याने लावली की धूळ दिसते. रंग उडून खालचा गंज उघडा पडल्याचे दाखवायचे असेल तर गंजाच्या रंगावर पाणी लावून मिठाचे काही खडे चिकटवावेत, ते वाळल्यावर त्यांच्यावरून वाघिणीचा रंग फवारावा आणि तोही वाळल्यावर मीठ ताठ कुंचल्याने झाडून टाकावे. मिठाच्या जागी अनियमित कडांचे चट्टे उरतात. हाताने ते इतके स्वाभाविक काढता येत नाहीत.

भरलेली वाघीण दाखवायची तर खरा कोळसा कुटून, चाळून वापरावा. पुठ्ठ्याचा उंचवटा आत बसवून त्यावर पूड पसरावी आणि पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून, थेंबाथेंबाने सोडावा. साबण नसेल तर थेंब पुडीवर गोळा होऊन बसतो. कोळशाच्या वाघिणींवर चुन्याचे पाणी शिंपडण्याची पद्धत आहे. वाटेत कोणी कोळसा उचलला तर पांढरा थर मोडतो आणि चोरी ध्यानात येते. प्रतिकृतीतही ढिगावर पांढऱ्या पोस्टर रंगाचे विरळ शिंतोडे द्यावेत, आणि एखाद्या वाघिणीच्या कोपऱ्यात, मूठभर कोळसा गेला असावा इतपत, काळी जागा मोकळी सोडावी.