बेळगावची गाडी सुटण्याआधी

विरार (पश्चिम)

चि. सौ. सुनीतास अनेक आशीर्वाद.

तुझ्या ओमला अग्निवीर म्हणून मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव सेंटर मिळालं हे ऐकून ऊर भरून आला. 1768 पासूनची पलटण आहे ती. 'आत्या, तयारी काय करू?' असं तू विचारलंस. अगं, त्याची तयारी तो करतोच आहे. पहाटे जीवदानीच्या पायऱ्या चढतो, अर्नाळ्याच्या वाळूत धावतो. तयारी आता तुझी व्हायची आहे.

आजपासून त्याचं ताट उचलणं बंद कर. कपडे त्याचे त्यालाच धुऊ दे. सुईत दोरा ओवून बटण लावायला शिकव. माझा पोरगा फौजेत गेला तेव्हा त्याला ते येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शर्टाचं बटण तुटलं आणि या पठ्ठ्यानं ते टाचणीनं अडकवलं! शिकवणाऱ्या उस्तादांच्या नजरेतून ते सुटणार थोडंच? मग शिक्षा म्हणून रगडा.

फोन रोज येणार नाही. आला की आधी त्याला बोलू दे. 'मला नाही जमत, घरी येतो' असं कधीतरी म्हणेलच. तेव्हा रडू नकोस आणि 'ये' असंही म्हणू नकोस. 'जेवलास का, पाय कसे आहेत,' एवढंच विचार. मी चुकले होते. ह्यांचं बीपी वाढल्याचं फोनवर बोलून बसले. घरी दोन दिवसांत सगळं ठीक झालं, पण तिकडे पोराचा फायरिंगमध्ये आठवडाभर नेम लागेना. अर्थात खरंच मोठं काही झालं, तर लपवू नकोस.

पैशांचं जावईबापूंशी आत्ताच बोलून घे. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना 30,000. त्यातले 9,000 सेवानिधीत जातात, हातात 21,000. चार वर्षांनी कायम होतात ते जास्तीत जास्त शंभरात पंचवीस. त्या पगारावर नालासोपाऱ्यात फ्लॅटचं कर्ज काढायचा विचार असेल, तर सोडून द्या. शेजारीपाजारीही 'पर्मनंट लागला' म्हणून सांगत सुटू नका. उद्या त्या बोलण्याचं ओझं ओमच्याच डोक्यावर येईल.

ट्रेनिंग संपताना होणाऱ्या कसम परेडला मात्र दोघंही जा. रजा आणि गाडीभाड्याचे पैसे आत्तापासून बाजूला काढून ठेवा.

रविवारी येते. सुईदोऱ्याचा डबा मी घेऊन येईन, ओमला घरी थांबायला सांग.

तुझी,
आत्या