घराबाहेर पडलेल्याचे प्रश्न

(मंडळीतील वडील, शिक्षक व आईबाप यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ: मार्क ९:१४-२९, लूक १५:११-३२, योहान २०:२४-२९, ईयोब ४२:७, यहूदा २२.

एखादा मनुष्य कडक शिस्तीच्या ख्रिस्ती मंडळीतून बाहेर पडला, म्हणजे त्याचा धर्मविचार तेथेच संपला असे आपण सहज समजतो. "तो जगात गेला," असे दोन शब्द बोलून आपण त्याचे नाव बाजूस ठेवितो. परंतु पुष्कळांच्या बाबतीत खरे विचारणे त्याच दिवशी सुरू होते. देव आहे काय? असल्यास तो माझ्या वडिलांनी सांगितला तसाच आहे काय? लहानपणी मी गुडघे टेकून जे मागितले, ते कोणी ऐकले काय? असे प्रश्न उशाशी घेऊन तो निजतो. आणि ते कोणापुढे मांडावे हे त्यास कळत नाही, कारण ज्यांच्यापुढे मांडावे, त्यांच्यापासूनच तो निघून आलेला असतो.

अशा मनुष्याशी आपण कसे वागावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडातील दोन मनुष्यांचा वृत्तांत पाहू. दोघेही एकाच पंथात होते, दोघेही बाहेर पडले, आणि दोघांनीही आपली हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे.

१. तो पंथ कोणता

सन १८२५ ते १८३० च्या दरम्यान आयर्लंडातील डब्लिन शहरी काही विश्वासी जन भाकर मोडण्यासाठी एकत्र जमू लागले. पुढे इंग्लंडात प्लिमथ येथे त्यांची मोठी मंडळी झाली, म्हणून लोक त्यांस 'प्लिमथ ब्रदरेन' म्हणू लागले. त्यांच्यात दीक्षित पाळक नसत. पवित्र शास्त्र हाच एक आधार, जगापासून वेगळे राहणे, आणि प्रभू लवकरच येणार आहे ही नित्य अपेक्षा, ही त्यांची मुख्य लक्षणे होती.

हे लोक ढोंगी नव्हते. त्यांच्यापैकी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांनी दातांच्या वैद्यकीचा चांगला चाललेला धंदा सोडला, सन १८२९ मध्ये ते सहकुटुंब बगदादेस गेले, आणि तेथे सन १८३१ च्या मरीत त्यांची पत्नी वारली. पुढे त्यांनी आपल्या हिंदुस्थानात चित्तूर येथे पुष्कळ वर्षे सेवा केली. ज्या मंडळीतून आपले दोघे बाहेर पडले, ती प्रामाणिक व त्यागी होती, हे प्रथम ध्यानात ठेवावे. प्रश्न केवळ वाईट लोकांमुळे उत्पन्न होतात असे नाही.

२. फ्रान्सिस न्यूमन: मंडळीने दार लाविले

फ्रान्सिस न्यूमन याचा जन्म सन १८०५ मध्ये लंडन येथे झाला. ऑक्सफर्ड येथे तो मोठ्या मानाने उत्तीर्ण झाला. डब्लिन येथे शिक्षक असता त्याची पंथाचे पुढारी जॉन नेल्सन डार्बी यांच्याशी गाठ पडली, व त्यांच्या वैराग्याचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. सन १८३० मध्ये विद्यापीठातील आपली जागा सोडून तो ग्रोव्ह्ज यांस साह्य करण्यासाठी बगदादेकडे निघाला.

वाटेत अलेप्पो शहरी त्याने एका मुसलमान सुतारास सुवार्ता सांगितली. सुताराने ती शांतपणे ऐकून घेतली व उत्तर केले, की देवाने तुम्हां इंग्रजांस उत्तम जहाजे, धारदार चाकू व चांगले कापड करण्याचे ज्ञान दिले, पण एक गोष्ट दिली नाही. खऱ्या धर्माचे ज्ञान मात्र आम्हांस दिले. न्यूमन त्या उत्तरावर पुढे पुष्कळ विचार करीत राहिला. आपल्याजवळ जेवढी खात्री आहे तेवढीच त्या साध्या मनुष्याजवळही आहे, हे त्याने पाहिले.

सन १८३३ मध्ये तो स्वदेशी परतला, तो त्याच्याविषयीचा संशय मंडळीत आधीच पसरलेला होता. पिता व पुत्र यांच्या संबंधाविषयी त्याने शास्त्राच्या आधारे काही प्रश्न उपस्थित केले होते. ज्यांनी त्यास मनुष्यांची मतपत्रके सोडून केवळ शास्त्र धरावयास शिकविले, त्यांनीच तो शास्त्र उघडून विचारू लागताच त्याच्याशी सहभागिता तोडली. असे त्याचे म्हणणे आहे. जुने मित्र दुरावले.

आता हे पाहा, की न्यूमन काही एका दिवसात अविश्वासी झाला नाही. त्याने एकेक सिद्धांत हाती घेऊन पुष्कळ वर्षे तपासला, आणि सन १८५० मध्ये 'फेजेस ऑफ फेथ', म्हणजे विश्वासाच्या अवस्था, हे पुस्तक लिहून तो सर्व प्रवास सांगितला. शेवटी ख्रिस्ताविषयीची आपली शिकवण त्याने मानली नाही. परंतु देव आहे व आत्म्याने त्याचे भजन करावे, ही श्रद्धा त्याने सन १८९७ मध्ये मरेपर्यंत धरून ठेविली. त्याचा वडील बंधू जॉन हेन्री न्यूमन हाही त्याच घरात वाढलेला. तो सन १८४५ मध्ये रोमन कॅथलिक मंडळीत गेला. एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा किती भिन्न असू शकतात, हे यावरून दिसते.

३. एडमंड गॉस: बापाने उत्तर आधीच ठरविले

दुसरा वृत्तांत एका पुत्राचा आहे. फिलिप हेन्री गॉस हे समुद्रातील प्राण्यांचे नामांकित अभ्यासक व ब्रदरेन पंथातील उपदेशक होते. त्यांचा एकुलता एक पुत्र एडमंड सन १८४९ मध्ये जन्मला. त्या घरात कल्पित गोष्टींची पुस्तके नसत, कारण कल्पित गोष्ट सांगणे पाप होय असे त्याच्या आईस वाटे. सन १८५७ मध्ये ती कर्करोगाने वारली, व बापलेक डेव्हन प्रांतात राहावयास गेले. दहा वर्षांच्या वयात एडमंडचा बाप्तिस्मा प्रौढ विश्वासी म्हणून झाला.

पुढे सन १९०७ मध्ये त्याने 'फादर अँड सन', म्हणजे बाप व पुत्र, हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील चार प्रसंग आईबापांनी लक्षपूर्वक ऐकावे.

पहिला: सुमारे सहा वर्षांचा असता, वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट वस्तुतः तशी नव्हती असे त्याने पाहिले. तोवर वडील व देव यांत त्यास फारसा भेद दिसत नसे. त्या दिवशी तो भेद दिसला, आणि बालमनास मोठा धक्का बसला.

दुसरा: मूर्तिपूजकावर देवाचा कोप होतो असे त्यास शिकविले होते. त्याने एकटा असता एक खुर्ची मेजावर ठेवून तिची प्रार्थना केली, व काय होते याची वाट पाहिली. काहीच झाले नाही.

तिसरा: एका घरी मुलांच्या मेजवानीचे त्यास आमंत्रण आले. बापाने सांगितले, "प्रभूस विचार." दोघांनी गुडघे टेकले. उठल्यावर बापाने उत्तर विचारले. 'जाऊ नये' हेच उत्तर येणार अशी त्याची खात्री होती. मुलाने धीर करून सांगितले, की प्रभू जा म्हणतो. बाप काही न बोलता दार आपटून निघून गेला.

चौथा: शाळेत असता एका संध्याकाळी खिडकीपाशी उभे राहून त्याने प्रभूस विनविले, की आताच ये व मला घेऊन जा. तो थांबला. सूर्य मावळला, चहाची घंटा झाली, मुलांचा गलबला ऐकू आला. त्या क्षणापासून, तो म्हणतो, बाप व मी मनाने दोन दिशांस चालू लागलो.

सन १८६७ मध्ये तो नोकरीसाठी लंडनास गेला. बापाची पत्रे मागोमाग येत, आणि त्यांत आत्मिक स्थितीची बारीक चौकशी असे. अखेर त्याने आपला अंतःकरणाचा मार्ग आपणच शोधण्याचे ठरविले.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे पुस्तक पुत्राची साक्ष आहे. सन २००२ मध्ये अॅन थ्वेट या लेखिकेने बापाचे चरित्र लिहिले, त्यात तो पुष्कळ अधिक सौम्य व प्रेमळ दिसतो. आणि सन १८८८ मध्ये बाप वारल्यावर पुत्रानेच सन १८९० मध्ये त्याचे आदरपूर्वक चरित्र लिहिले होते. दोघांची एकमेकांवर प्रीती होती. नव्हता तो एकच विषय: मोकळेपणाने विचारण्याची जागा.

४. यावरून आपण काय शिकावे

(अ) उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारण्याची परवानगी देऊ नये. "प्रार्थना कर व पाहा" असे म्हणणाऱ्याने उत्तर ऐकण्याची तयारी ठेविली पाहिजे. नाहीतर मुलास असे वाटते, की प्रार्थना म्हणजे बाबांची इच्छा देवाच्या नावाने ऐकणे होय.

(ब) प्रत्येक बाहेर गेलेल्यास उधळा पुत्र म्हणू नये. लूकाच्या पंधराव्या अध्यायातील धाकट्या मुलाने मालमत्तेचा वाटा मागितला व ती चैनीत उडविली. न्यूमन व गॉस यांनी वाटा मागितला नव्हता. त्यांनी प्रश्न विचारले होते. चैनीसाठी गेलेला व सत्यासाठी गेलेला, यांस एकच औषध लागू पडत नाही. दुसऱ्यास "पश्चात्ताप कर" एवढेच सांगितल्यास, आपला प्रश्न कोणी ऐकलाच नाही असे त्यास वाटते, आणि ते खरेही असते.

(क) संशयी मनुष्यास घराबाहेर काढण्याची घाई करू नये. थोमाने इतरांची साक्ष नाकारली. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबर आत होता असे योहान लिहितो. ते आठ दिवस शिष्यांनी त्यास आपल्यात ठेविले. त्यांनी दार लाविले होते ते बाहेरच्या भीतीने, थोमाविरुद्ध नव्हे. प्रभू आला तेव्हा थोमा त्याच खोलीत होता.

(ड) देवाची बाजू राखण्यासाठी खोटे बोलू नये. ईयोबाने कठीण प्रश्न केले, आणि त्याच्या मित्रांनी देवाचे समर्थन केले. तरी शेवटी देवाचा कोप मित्रांवर झाला. ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक नाही, तेथे "मला ठाऊक नाही" म्हणणारा पाळक विश्वासास हानी करीत नाही.

(इ) तो परत येईल या हिशेबाने प्रीती करू नये. न्यूमन परत आला नाही; गॉसही आला नाही. जे परत आले नाहीत त्यांजवरही दया करावी की काय? यहूदाने संशयात पडलेल्यांवर दया करण्यास सांगितले, ती काही अटीवर नव्हे.

५. जो बाहेर पडला आहे त्यास

बंधो, भगिनी, हा अंक तुझ्या हाती पडल्यास दोन शब्द तुझ्यासाठीही आहेत. तुझ्या वडिलांची कडक रीत मोडली, एवढ्यावरून देव मोडला असे ठरत नाही. आणि ती रीत वडिलांची होती, एवढ्यावरून ती सर्वस्वी खोटी असेही ठरत नाही. एक खात्री सोडून लगेच दुसरी खात्री धरण्याची घाई करू नको. न्यूमनने एकेक गोष्ट हाती घेऊन वर्षानुवर्षे तपासली, तसा तूही तपास. मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाजवळ विश्वास व अविश्वास ही दोन्ही एकाच वेळी होती. त्याने ती दोन्ही लपविली नाहीत, आणि प्रभूने आधी अविश्वासाचा निकाल लाव असे सांगून त्यास परत पाठविले नाही.

मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावातून पुण्यामुंबईस गेलेल्या व उपासनेस येणे सोडलेल्या कोणास आपण गेल्या वर्षी पत्र लिहिले किंवा फोन केला? त्यात चौकशी अधिक होती की ऐकणे?

२. आपल्या घरात मुलाने "हे खरे कशावरून?" असे विचारल्यास काय उत्तर मिळते?

३. थोमाप्रमाणे संशयात असलेल्या मनुष्यास आठ दिवस आपल्यात ठेवावयाचे झाल्यास, आपल्या मंडळीस कोणती गोष्ट बदलावी लागेल?