संगणक मुका झाला, इंटरनेट अडले : मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

पुढच्या खोलीत दुकान किंवा कारखाना आणि मागे संसार, अशी आपल्यातील अनेक लहान व्यापाऱ्यांची व कारागिरांची मांडणी असते. घरातला एकच संगणक सगळ्यांचा. दिवसा त्यावर बिले आणि हिशेब, दुपारी परगावच्या गिऱ्हाइकाने पाठविलेली डिझाइने, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. आवाज गेला तर व्हिडिओवर माल दाखवून चाललेला सौदा तुटतो. इंटरनेट गेले तर नुकसान थेट रुपयांत मोजावे लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-३बी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. ती तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (व्यवहार काहीच नसेल तर २० रुपये) आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते. आमचे इंटरनेट बंद होते, ही सबब तेथे चालत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरचा संगणक असाच मुका झाला. बोलाविलेल्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटे इकडेतिकडे पाहिले आणि 'विंडोज खराब झाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल' असे सांगितले. मी मान डोलावली. दीड वर्षाची बिले आणि उधारीचा हिशेब पुसला गेला, पण आवाज काही आला नाही. खरे कारण इतकेच होते, की आम्ही नवा मॉनिटर एचडीएमआय तारेने जोडला होता आणि संगणक आपला आवाज त्या तारेतून मॉनिटरकडे पाठवीत होता. त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. दोन क्लिकांचे काम, त्यासाठी दीड वर्षाचा हिशेब गेला.

शिलाई मशीन टाके सोडू लागली तर आपण आधी सुई पाहतो, मग दोरा, मग बॉबिन. मोटार कोणी आधी उघडत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ही रीत विसरतो.

आवाजाचे आधी पाहू. स्पीकरचा स्वतःचा दिवा लागला आहे काय? त्याची पिन हिरव्या खाचेत आहे काय? गुलाबी खाच मायक्रोफोनची आणि निळी बाहेरून आवाज आत घेण्याची असते. झाडलोट करताना पिन निघते आणि घाईत भलत्याच खाचेत बसते. नंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. आवाज कोणत्या साधनातून बाहेर पडतो ते तेथे दिसते. मॉनिटरचे नाव असेल तर बदलून स्पीकर निवडा. ब्लूटूथचे इअरफोन एकदा जोडले असतील तर आवाज मुकाट्याने तिकडे जात राहतो, आणि ते इअरफोन मुलाच्या दप्तरात असतात. सगळीकडे आवाज आहे पण एकाच प्रोग्रॅमला नाही, असे असेल तर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये तो प्रोग्रॅम बंद केलेला सापडेल.

आपले बोलणे पलीकडे ऐकू जात नाही, ही तक्रारही नेहमीची. मोबाईलच्या इअरफोनची एकच पिन असते, तिच्यावर तीन काळ्या रेघा दिसतात, आणि बोलणे व ऐकणे दोन्ही त्याच पिनेतून चालते. जुन्या डेस्कटॉपला मात्र दोन वेगळ्या खाचा असतात. अशा वेळी ऐकू येते, पण बोलणे जात नाही. दोन फाट्यांचा स्प्लिटर लावला की काम होते. पिन बरोबर असेल तर सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात मायक्रोफोनची परवानगी बंद तर नाही ना, ते पाहावे.

विंडोजचे अपडेट झाल्यावर आवाज गेला असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, आवाजाच्या साधनावर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज आणि त्यात ड्रायव्हर. तेथे रोल बॅकचे बटण चालू असेल तर दाबा. नसेल तर ते साधन अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज ते आपण होऊन बसविते. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या नादी लागू नये. यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

आता इंटरनेट. इथे पहिला प्रश्न एकच: त्याच वायफायवर मोबाईल चालतो काय? (मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून पाहावे, नाहीतर फसगत होते.) मोबाईलही चालत नसेल तर संगणकाला हात लावू नका, भिंतीवरच्या डब्याकडे पाहा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकू लागला, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाही. तार कपाटामागे चेपली असेल, तीव्र घडी पडली असेल किंवा बाहेर कोठे तुटली असेल. घडी सोडवून पाहा, नाहीतर कंपनीला 'एलओएस लाल आहे' एवढेच सांगा. ते नेमके समजतात. तारेचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. दिवे ठीक असूनही चालत नसेल तर डबा बंद करून अर्धा मिनिट थांबा, सुरू करा आणि दोन-तीन मिनिटे वाट पाहा.

मोबाईल चालतो आणि संगणक चालत नाही, म्हणजे दोष आपल्या यंत्रात. स्टार्टमध्ये सी-एम-डी ही अक्षरे टाकून जी काळी खिडकी उघडते, तिच्यात पी-आय-एन-जी, मोकळी जागा, आणि इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ लिहून एंटर दाबा. उत्तरे येऊ लागली तर रस्ता मोकळा आहे. तरीही संकेतस्थळे उघडत नसतील तर नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, बिघडली असण्याचा संभव असतो. जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहावे. उत्तरे आलीच नाहीत तर त्या जोडणीच्या तपशिलात संगणकाचा पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडा, तार असेल तर बदला.

एक बिघाड मात्र भल्याभल्यांना चकवितो. बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, आणि माणूस बँकेला दोष देत बसतो. अशा वेळी संगणकाची तारीख पाहावी. ती चार-पाच वर्षे मागे गेलेली असते! सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, ती तारखेशी जुळली नाही की ब्राउझर दार बंद करतो. घड्याळ चालते ठेवण्याचे काम यंत्रातील एक लहान सेल करतो. बहुतेक डेस्कटॉपना ३ व्होल्टचा सीआर २०३२ लागतो आणि तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. जेथे वीज वारंवार जाते तेथे घड्याळाचा सारा भार या सेलवर पडतो.

संथ इंटरनेटची तक्रार करण्यापूर्वी हिशेब समजून घ्यावा. ४० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला फार तर ५ एमबीची फाईल, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४ गिगाहर्ट्झचे नाव निवडा, ते लांब पोहोचते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकते.

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. जुने यंत्र बदलण्याचा विचार त्यामुळे करावा लागेल, हे खरे. पण आवाज गेला त्याचे कारण तेच आहे, असे सांगून कोणी नवा संगणक गळ्यात मारत असेल तर वरच्या तपासण्या आधी करून पाहा. तसेच इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'च्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा दुरून देणारे ॲप टाकू नका. कंपनीचा क्रमांक बिलावरूनच घ्यावा. अशा मार्गाने खात्यातून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

एवढे करूनही दोष सापडला नाही तर मेकॅनिक हवाच. यंत्र त्याच्या हवाली करण्यापूर्वी हिशेबाचा बॅकअप, बिलांचे फोल्डर आणि डिझाइनच्या फायली पेनड्राइव्हवर स्वतः उतरवून घ्या, आणि तो पेनड्राइव्ह शेजाऱ्याच्या संगणकावर लावून त्यातले एखादे बिल उघडते की नाही ते पाहा.