कुरणासाठी देशी गवताचे बी : उत्पादन व पुरवठा

आर्वी, कारंजा, आष्टी हा गवळाऊ जनावरांचा मुलूख. ही जात माळावरच्या गवतावर पोसली गेली. आज वर्धा जिल्ह्यातील अनेक ई-क्लास जमिनींवर तरोटा व गाजरगवत माजले आहे. कुरण सुधारायचे ठरले तरी पहिली अडचण येते ती बियाण्याची. गवत फुलोऱ्यात असताना कापले की वैरण उत्तम मिळते, पण बी जमिनीवर पडत नाही. दरवर्षी असेच झाले की चांगली गवते हळूहळू नाहीशी होतात. पवनार परिसरातील शेतकरी बंधूंनी धुऱ्यावर किंवा दोन-चार गुंठ्यांत बीजोत्पादन केल्यास ही उणीव भरून काढता येईल.

गवताची निवड : भारी काळ्या जमिनीसाठी मारवेल आणि हलक्या, मुरमाड उतारासाठी पवन्या घ्यावे. मारवेल-8 हा वाण वैरणीसाठी चांगला आहे. परंतु कुरण पुन्हा उभे करण्यासाठी जवळपासच्या धुऱ्यावरील, तेथील पावसाला सरावलेल्या गवताचे बी घ्यावे. कुसळी गवताची भेसळ टाळावी. त्याची टोकदार कुसळे मेंढ्यांच्या तोंडात व लोकरीत रुततात. वनजमिनीवरून परवानगीशिवाय बी गोळा करू नये.

लागवड : जुलैमध्ये चांगला पाऊस झाल्यावर मुळासह ठोंब 50 × 30 सें.मी. अंतरावर लावावेत. एका गुंठ्याला सुमारे 670 ठोंब लागतात. पहिल्या वर्षी निंदण वेळेवर करावे आणि जनावरे आत सोडू नयेत.

बी गोळा करणे : या गवतांचे बी एकाच वेळी पिकत नाही आणि पिकले की लगेच झडते. त्यामुळे एकदाच कापणी केल्यास निम्मे कच्चे तर निम्मे जमिनीवर गेलेले असते. साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दव उडाल्यावर, दर आठवड्याला तुरे हाताने ओरबाडून बी काढावे. तुरा हलकेच ओढताच बी हातात आले म्हणजे ते पक्व झाले असे समजावे.

वाळवण व साठवण : बी सावलीत पातळ पसरून वाळवावे. ओल्या बियांचा ढीग करू नये. तो तापून बी मरते. वाळलेले बी कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावे. ताज्या बियांना सुप्तावस्था असते, म्हणून ते पुढील पावसाळ्यातच पेरावे.

उगवणीची चाचणी : वरून भरघोस दिसणारे बी आतून पोकळ असू शकते. मे महिन्यात 100 बिया ओल्या गोणपाटावर ठेवून दोन आठवड्यांत किती रुजतात ते मोजावे. 60 रुजणाऱ्या बियाण्याच्या जागी 30 रुजणारे बियाणे असेल, तर तेवढ्याच रोपांसाठी दुप्पट बी लागेल. दर ठरवताना नुसते वजन न पाहता उगवण पाहावी.

पुरवठा : ग्रामपंचायत, वन विभाग किंवा पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्थांकडे मागणीची चौकशी लागवडीपूर्वीच करावी. बियाणे कायदा 1966 व बियाणे नियंत्रण आदेश 1983 यांतील तरतुदी कृषी अधिकाऱ्यांकडून समजून घ्याव्यात. प्रत्येक पिशवीवर गवताचे नाव, गाव, काढणीचा महिना, वजन व उगवण लिहावी.

पेरणी : बी हलके असल्याने वाऱ्याने उडते. ते बारीक माती व शेणखतात मिसळून, मोकळ्या केलेल्या जमिनीत जेमतेम 1 सें.मी. खोल पेरावे.

बाजारात मागणी नसेल तरी हे बी वाया जात नाही. ते स्वतःच्या पडीक तुकड्यात पेरावे. दरवर्षी धुऱ्याचा एक पट्टा बी झडेपर्यंत न कापता राखावा. पुढच्या वर्षीची वैरण त्याच पट्ट्यातून येईल.