पाण्याची वाट आणि नागरिकांचें कर्तव्य

विद्यार्थी मित्रहो, पावसानें दोन-तीन तास जोर धरला कीं आपल्या कांजूरमार्गांत काय होतें, हें तुम्हांस सांगावयास नको. रस्त्यावर गुडघाभर पाणी सांचतें, आगगाड्या भांडुप व विक्रोळी यांच्या दरम्यान खोळंबतात, शाळा लवकर सोडावी लागते आणि सखल भागांतील बिऱ्हाडें आपलीं धान्याचीं डबडीं व मुलांचीं पुस्तकें उंच फळीवर चढवूं लागतात. "यंदा पाऊसच फार झाला," असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु कोंकणपट्टींत पाऊस पुष्कळ पडतो, ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. मग पाणी आतांच इतकें कां तुंबतें? प्रस्तुत लेखांत आम्ही तीन साध्या प्रश्नांचा विचार करणार आहों: पाणी येतें कोठून, तें जातें कोणत्या वाटेनें, आणि ती वाट अडवितें कोण?

प्रथम नकाशा समोर ठेवा. आपल्या पश्चिमेस पवई व विहारच्या बाजूच्या टेकड्या आहेत आणि पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. टेकड्यांच्या पलीकडचें पाणी विहार व पवई या तलावांत जातें. तलाव भरून वाहूं लागले कीं तें मिठी नदीच्या पात्रांतून सुमारें १८ किलोमीटर जाऊन माहीमच्या खाडीस मिळतें. अलीकडच्या उतारावरील पाण्याला मात्र अशी मोठी नदी नाहीं. तें लहानमोठ्या ओहोळांनीं व नाल्यांनीं आपल्या वस्तींतूनच ठाण्याच्या खाडीकडे धांव घेतें.

या वाटेवर तीन आडवे बांध आहेत. पहिला मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा जुना रस्ता, म्हणजेच आतांचा लालबहादूर शास्त्री मार्ग. दुसरा लोहमार्ग, १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली उतारूंची पहिली आगगाडी याच बाजूनें गेली. तिसरा पूर्व द्रुतगति महामार्ग. हे तिन्ही मार्ग उत्तर-दक्षिण जातात आणि पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातें. म्हणून प्रत्येक मार्गाच्या पोटांतून पाण्यासाठीं मोऱ्या ठेवाव्या लागल्या आहेत. टेकडीवर पडलेल्या थेंबाला खाडी गांठण्यापूर्वी या तीन दारांतून जावें लागतें. त्यांपैकीं एक दार जरी अरुंद झालें, तरी मागील पाणी त्याच्याशीं अडतें आणि तेथें ज्यांचें घर असेल त्यांच्या घरांत शिरतें.

आतां थोडें गणित करूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी जमतें. आपल्या शाळेचें मैदान १०० मीटर लांब व ५० मीटर रुंद आहे असें धरा. म्हणजे तें ५,००० चौरस मीटर झालें. एका तासांत ५० मिलीमीटर पाऊस पडला, तर त्या एका मैदानावर २,५०,००० लिटर पाणी जमेल. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला तर हे पंचवीस टँकर झाले, आणि तेही एका तासाचे! मैदान मातीचें असेल तर यांतील कांहीं भाग जमिनींत मुरेल. त्यावर फरशी किंवा सिमेंट घातलें असेल, तर जवळजवळ सर्व पाणी तत्काळ गटाराच्या तोंडाशीं जाऊन उभें राहील. घराची गच्ची, रस्ता, आगगाडीच्या स्थानकाचा फलाट, मोटारी ठेवण्याची जागा, या सर्वांचा हिशेब असाच आहे.

मुंबईचीं जुनीं पर्जन्यगटारें बांधतांना स्थापत्यशास्त्रज्ञांनीं तासास २५ मिलीमीटर पाऊस धरला होता आणि त्यांतील निम्में पाणी जमिनींत मुरेल असेंही गृहीत धरलें होतें. त्या काळीं हा अंदाज चुकीचा नव्हता. त्या वेळीं आपल्या बाजूस भातखाचरें, कुरणें व मिठागरें होतीं. पुढें १९५० व १९५७ सालीं उपनगरें दोन टप्प्यांनीं मुंबईच्या नगरपालिकेच्या हद्दींत आलीं. मार्गाच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले; कालांतरानें त्यांतील कित्येक बंद पडून त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या, आणि ज्यांना इमारतींत जागा परवडली नाहीं त्यांनीं टेकडीच्या उतारावर व नाल्याच्या कांठीं आसरा घेतला. शहर वाढलें, माणसें वाढलीं. पाणी मुरविणारी माती मात्र घटली.

दुसरी अडचण समुद्राची आहे. गटारांतील पाणी खाडींत जावयाचें तर खाडीची पातळी गटाराच्या मुखाहून खालीं असली पाहिजे. मुंबईच्या बहुतेक पर्जन्यगटारांचीं मुखें भरतीच्या पातळीहून खालीं आहेत. त्यामुळें मोठी भरती व मोठा पाऊस एकाच वेळीं आले, कीं पाण्याचें शेवटचें दार कांहीं तास बंदच होतें. अशा वेळीं पाण्याला थांबावयास जागा हवी. ती जागा पूर्वी मिठागरें, पाणथळ जमिनी आणि खाडीकांठचीं तिवरांचीं बनें देत असत. तिवरांचीं मुळें चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि भरतीचें पाणी अंगावर घेतात. जो कोणी या जागीं भराव टाकतो, तो ओसाड जमीन सुधारीत नसून सर्व वस्तीची एक टांकी बुजवीत असतो.

या सर्व गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, तें २६ जुलै २००५ रोजीं मुंबईनें पाहिलें. त्या दिवशीं चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलीमीटर पाऊस झाला; वर्षाच्या सरासरी पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हा अधिक होता. विहार तलावाच्या परिसरांत तर याहूनही जास्त पाऊस नोंदला गेला. याच शहराच्या दक्षिण टोंकास, कुलाब्यास, त्या दिवशीं सुमारें ७३ मिलीमीटरच पाऊस पडला होता. दुपारीं सुमारें साडेचार मीटरांची भरती होती. मिठी नदी पात्र सोडून वाहूं लागली. लाखों माणसें कचेऱ्यांत, आगगाड्यांत व रस्त्यांवर रात्रभर अडकून पडलीं. आणि शहरांत चारशेंहून अधिक लोक मृत्यु पावले.

त्यानंतर सरकारनें डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली व समितीनें २००६ सालीं आपला अहवाल दिला. तासास ५० मिलीमीटर पाऊस धरून आणि जमिनींत कांहींही मुरणार नाहीं असें समजून गटारांची क्षमता वाढवावी, असा विचार मान्य झाला. हाजी अली, इर्ला, वरळीचें लव्हग्रोव्ह इत्यादि ठिकाणीं भरतीच्या वेळीं पाणी उपसून समुद्रांत टाकणारीं केंद्रें उभीं राहिलीं. तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालींच दिला होता. २०१५ सालीं ठाणे खाडीच्या कांहीं भागास रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें आणि २०२२ सालीं त्या पाणथळ भूमीची गणना जगांतील महत्त्वाच्या रामसर स्थळांत झाली. हीं कामें मोठीं आहेत व तीं राज्यकर्त्यांनीं व महानगरपालिकेनेंच करावयाचीं आहेत. तीं अपुरीं राहिलीं तर त्याबद्दल विचारणा करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे.

परंतु येथें आमचा तिसरा प्रश्न उभा राहतो: वाट अडवितें कोण? गटाराचा तळ निम्म्या उंचीपर्यंत गाळानें भरला, तर त्याची पाणी वाहून नेण्याची शक्ति निम्म्याहूनही कमी होते. हा गाळ सगळाच डोंगरावरून येत नाहीं. त्यांत पिशव्या, बाटल्या, नारळाच्या करवंट्या, जुन्या गाद्या आणि पाडलेल्या घरांच्या विटाही असतात. मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग गेलीं कित्येक वर्षें आपल्या कांजूरमार्गच्याच डंपिंगच्या मैदानावर येत आला आहे व त्याच्या दुर्गंधीबद्दल आपण सर्व रास्त तक्रार करतों. परंतु जो कचरा गाडींत न पडतां नाल्यांत पडतो, त्याबद्दल तक्रार कोणाकडे करावी? प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर २००५ च्या पुरानंतर निर्बंध आले व २०१८ सालीं राज्यांत प्लास्टिकबंदीही झाली. तरी बाजारांतून परततांना आपल्या हातांत काय असतें, तें ज्याचें त्यानें पाहावें.

यांत ध्यानांत धरण्याची मुख्य गोष्ट अशी कीं, वाट अडविणारा एक असतो आणि बुडणारा दुसराच. उतारावरील गृहस्थ पिशवी नाल्यांत टाकतो. त्याचें अंगण कोरडेंच राहतें. ती पिशवी खालच्या मोरीच्या जाळीशीं जाऊन बसते आणि पाणी खालच्या चाळींतील म्हातारीच्या खोलींत शिरतें. टाकणारा तिला ओळखीत नाहीं, तीही त्याला ओळखीत नाहीं. म्हणूनच हें पाप कोणाच्या मनास लागत नाहीं. आपल्या कृत्याचें फळ ज्याला भोगावें लागेल, तो माणूस दिसत नसतांनाही त्याची आठवण ठेवणें, यालाच आम्ही नागरिकत्व म्हणतों.

याचें एक दुःखद उदाहरण २९ ऑगस्ट २०१७ चें आहे. त्या दिवशीं मुसळधार पावसानें शहर तुंबलें असतां प्रभादेवीच्या बाजूस सांचलेलें पाणी ओसरावें म्हणून रस्त्यावरील मॅनहोलचें झाकण उघडण्यांत आलें. पाण्याखालीं तें उघडें तोंड दिसलें नाहीं, आणि पायीं घरी जाणारे एक नामांकित डॉक्टर त्यांत पडून प्राणांस मुकले. उघडणाऱ्यांच्या मनांत कोणाचें वाईट करावयाचें नव्हतें. आपल्या दारचें पाणी जावें, एवढीच त्यांची इच्छा होती. पण आपल्या दारापुरतें पाहणें शहरांत पुरत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या अगदीं शेजारचें आहे. १८ जुलै २०२१ च्या पहाटे अतिवृष्टीनें चेंबूरच्या भारतनगरांत व विक्रोळीच्या सूर्यनगरांत भिंत व दरड घरांवर कोसळून पंचवीसांहून अधिक माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. त्याच रात्रीं भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाणी शिरलें, यंत्रें बंद पडलीं आणि बहुतेक मुंबईचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा खंडित झाला. चोहोंकडे पाणी, आणि नळाला थेंब नाहीं! उतारावर राहणाऱ्यांना "तेथें राहतांच कां?" असें विचारणें सोपें आहे. पण ते हौसेनें तेथें गेलेले नाहींत. शहराला त्यांचे कष्ट हवे असतील, तर त्यांच्या निवाऱ्याची चिंताही शहरानेंच वाहिली पाहिजे. कर्तव्याचा भार सर्वांवर सारखा नसतो. ज्याच्याजवळ सत्ता, पैसा व विद्या अधिक, त्याच्यावर तो अधिक असतो.

मग आपण काय करावें? पालकांस आमची विनंति अशी कीं, घराची दुरुस्ती केल्यावर निघालेला राडारोडा नाल्याच्या कडेस टाकूं देऊं नये. दुकानासाठीं वा ओट्यासाठीं गटारावर कायमची लादी घालूं नये. अंगणांतील सर्व माती फरशीखालीं झांकूं नये. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई मे महिन्याच्या अखेरपर्यंत व्हावी असा महानगरपालिकेचा परिपाठ आहे. आपल्या गल्लींतील नाला साफ झाला कीं नाहीं, हें चार शेजाऱ्यांनीं मिळून पाहावें व न झाल्यास भांडुप येथील विभाग कार्यालयास लेखी कळवावें. काढलेला गाळ कडेलाच पडून राहिला तर पहिल्या सरींत तो पुन्हां आंत जातो, हेंही पाहावें. पूर आला असतां मॅनहोलला हात न लावतां १९१६ या क्रमांकावर आपत्कालीन कक्षास कळवावें.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करावा. सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा गच्चीवर मोकळ्या जागीं ठेवावा आणि पाऊस थांबल्यावर त्यांतील पाण्याची उंची पट्टीनें मिलीमीटरांत मोजावी. शेजारीं त्या दिवशींच्या भरतीची वेळ लिहावी आणि कोणत्या ठिकाणीं पाणी आधीं सांचलें व किती वेळानें ओसरलें, हें नोंदवावें. मात्र त्यासाठीं पाण्यांत उतरूं नये. खिडकींतून जें दिसेल तेवढेंच लिहावें. एका वर्गानें एका पावसाळ्याचें असें टिपण केलें, तर कोणती मोरी अरुंद आहे हें पुराव्यानिशीं सांगतां येईल. नुसत्या तक्रारीपेक्षां अशा टिपणाला कार्यालयांतही अधिक मान मिळतो.

आणि पुढील पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्याच्या सुटींत, आणखी एक गोष्ट आईवडिलांबरोबर करावी. आपल्या दारांतून निघणारें गटार कोणत्या नाल्यास मिळतें, तो नाला रस्त्याखालून, लोहमार्गाखालून व महामार्गाखालून कसा जातो आणि त्याच्या कांठीं कोण राहतें, हें कोरड्या दिवसांत एकदां चालून पाहावें. आपलें पाणी ज्यांच्या दारावरून जातें त्या घरांतील मुलें एकदां डोळ्यांनीं पाहिलीं, म्हणजे हातांतील पिशवी नाल्यांत टाकण्यापूर्वी हात आपोआप थांबेल, अशी आमची खात्री आहे.